अंदाजपत्रकाच्या भाषेतील कर्ता

शासकीय मराठीची चर्चा आजवर बहुतांशी परिभाषेपुरती मर्यादित राहिली आहे. शब्द संस्कृतनिष्ठ असावा की रूढ, या प्रश्नाभोवतीच ती फिरते. वाक्यरचनेचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः राज्यकारभार नागरिकास कळतो की नाही, हे शब्दांइतकेच वाक्यांवरही अवलंबून असते. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाचे वार्षिक अंदाजपत्रक या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. हा विभाग बहुधा मुख्यमंत्र्यांच्याच अखत्यारीत राहत आला असल्यामुळे तेथील भाषेचे वळण इतर विभागांस अनुकरणीय वाटणे स्वाभाविक होय.

प्रथम नावाचा विचार करू. पेशवाईच्या दप्तरात जमाखर्चाच्या आगाऊ अंदाजास ‘बेहेडा’ म्हणत. संविधानाच्या 202व्या अनुच्छेदात ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ अशी संज्ञा आहे. व्यवहारात मात्र ‘अंदाजपत्रक’ आणि ‘अर्थसंकल्प’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात. ते समानार्थी नव्हेत. अंदाज हा तर्काचा व्यापार, संकल्प हा इच्छेचा. अंदाज चुकतो, संकल्प मोडतो. चुकलेल्या अंदाजाचा दोष परिस्थितीवर ढकलता येतो; परंतु संकल्प म्हटला की तो करणारा कोणी तरी असावाच लागतो.

हा करणारा छापील पानावर शोधू गेल्यास काय आढळते? विभागाचे अंदाजपत्रक खालून वर तयार होत जाते. आहरण व संवितरण अधिकारी आपल्या कार्यालयाची गरज कळवितो. नियंत्रक अधिकारी त्या मागण्या एकत्र करून तपासतो. विभाग त्यांवर आपला विचार करतो आणि शेवटी वित्त विभाग कात्री लावतो. प्रत्येक पायरीवर कोणी तरी काही तरी मागितलेले असते आणि कोणी तरी ते नाकारलेले किंवा मान्य केलेले असते. छापील पुस्तकात मात्र रकमांचे रकाने तेवढे उरतात. 2024-25 चे उदाहरण घेतल्यास 2022-23 ची प्रत्यक्ष रक्कम, 2023-24 चा मूळ व सुधारित अंदाज आणि 2024-25 चा अंदाज. ‘2052, सचिवालय – सर्वसाधारण सेवा’ या शीर्षाखाली वेतन, कार्यालयीन खर्च इत्यादी नामे येतात. क्रियापद येत नाही.

जेथे स्पष्टीकरण दिले जाते तेथेही ‘तरतूद प्रस्तावित करण्यात आली आहे’ याच धाटणीचे वाक्य योजण्याची शासकीय मराठीची सवय आहे. खर्च वाढल्यामुळे तरतूद वाढविली, असे सांगणारे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी कारण म्हणून ते पोकळ ठरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, शासन ही व्यक्तिनिरपेक्ष संस्था असून मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. सबब कर्त्याचा लोप उचितच होय. आक्षेपात तथ्य आहे. परंतु व्यक्तीचे नाव टाळणे निराळे आणि पदाचे नाव टाळणे निराळे. ‘-ण्यात येणे’ ही रचना ‘कडून’ या शब्दास मज्जाव करीत नाही. ‘वित्त विभागाकडून कपात करण्यात आली’ हे वाक्य शुद्धही आहे आणि व्यक्तिनिरपेक्षही. दोष भाषेचा नाही, तिच्या वापराचा आहे.

कर्ता स्पष्टपणे सांगितला जातो, तो विधिमंडळासमोर. 203व्या अनुच्छेदानुसार अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीवाचून करता येत नाही. तिच्यावर मत देते विधानसभा. भारित खर्चावर मतदान होत नाही, परंतु चर्चा होऊ शकते. राज्यपालांच्या वित्तलब्धी आणि लोकसेवा आयोगाचा खर्च ही त्याची उदाहरणे. दत्तमत खर्च मात्र सभागृहाच्या संमतीशिवाय होऊ शकत नाही. म्हणजे कोणी शिफारस करावी, कोणी संमती द्यावी, हे संविधान कर्त्यासह सांगते. त्याच मागणीच्या पोटातील रक्कम कोणी आणि का ठरविली, हे अंदाजपत्रक सांगत नाही. ज्या सदस्याने मत द्यावयाचे, त्याला बेरीज दिसते, विचार दिसत नाही.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 मध्ये संमत झाला, त्यास आता साठ वर्षे उलटून गेली आहेत. इतक्या काळात परिभाषा पुष्कळ घडली. आता प्रत्येक लक्षणीय वाढ-घटीपुढे मागणी कोणत्या पदाची, बदल कोणत्या पातळीवर झाला आणि कोणत्या आधारावर, अशी तीन सकर्तृक वाक्ये लिहिली जावीत. तेवढ्यानेच अंदाजास संकल्पाची योग्यता येऊ लागेल.