तेविशीचं गाणं तेहतिशीत

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या 'यलोकार्ड' या बँडचा 'ओशन अव्हेन्यू' हा अल्बम जुलै २००३मध्ये आला. पॉप-पंक गिटारींच्या गदारोळात शॉन मॅकिनचं व्हायोलिन, ही त्याची ओळख. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१३मध्ये, बँडने तीच तेरा गाणी नव्याने रेकॉर्ड केली. नाव 'ओशन अव्हेन्यू अकूस्टिक'. पहिला अल्बम कॅपिटॉलने काढला होता, दुसरा होपलेस रेकॉर्ड्सने.

अकूस्टिक म्हणजे गाण्याचं खरं, मूळ रूप, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. जणू इलेक्ट्रिक गिटार हा वरून चढवलेला कोट, तो काढला की आतलं गाणं दिसणार. मला हे पटत नाही. आमच्या मेळघाटात होळीला कोरकू ढोल-बासरी वाजते, तिला कोणी 'अनप्लग्ड' म्हणत नाही. काहीतरी काढून घेतल्यावरच हा शब्द लागतो. म्हणून विचारायचं ते एवढंच : काय काढलं, आणि त्या जागी काय आलं?

'वे अवे' घ्या. निघून जायचं गाणं आहे. २००३च्या आवृत्तीत त्याला थांबायला वेळच नाही; ती घाई हाच त्याचा अर्थ. अकूस्टिकमध्ये घाई गेली आणि तिच्या जागी आठवण आली. धारणीतून शिकायला अमरावती-अकोल्याला आणि पुढे नोकरीला पुण्याला गेलेल्या आमच्यासारख्यांना हा फरक लगेच कळतो. सतराव्या वर्षी एसटीत बसणाऱ्या पोराला हुरहुर कमी आणि घाई जास्त असते. हुरहुर नंतर येते, आणि आली की आधीची घाई खोटी वाटायला लागते. ती खोटी नव्हती.

त्याच वर्षी स्वीडनच्या 'कॅटॅटोनिया'नेही आदल्या वर्षीचा अल्बम असाच उतरवला, पण गायन बहुतांशी जुनंच ठेवून भोवतीचं संगीत बदललं. तिथे बदल एकच, त्यामुळे तुलना सोपी. यलोकार्डने गायनही नव्याने केलं, म्हणजे वाद्यांबरोबर वयही बदललं. 'ट्वेंटीथ्री' हे गाणं रायन की याने मुळात तेविसाव्या वर्षी गायलं. इथे तो तेहतीसचा आहे. बापाविषयीचं 'लाइफ ऑफ अ सेल्समन' आणि शेवटचं 'बॅक होम' या वयात जास्त खोल उतरतात. घराकडे वळून बघायला थोडं अंतर लागतंच. उलट 'वन इयर, सिक्स मंथ्स' आधीच शांत होतं, त्याला नव्याने काही मिळालं नाही.

म्हणून नवा अल्बम ऐकावा, पण जुन्याच्या जागी ठेवू नये. तेहतिशीचा माणूस तेविशीतल्या स्वतःबद्दल बरंच काही सांगू शकतो. त्याच्या वतीने बोलू मात्र शकत नाही.