गिटार, टाळ आणि ख्रिस्ताचा अभंग

औंढा नागनाथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. का, ते हिंगोली जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगेल. संत नामदेव कीर्तनाला उभे राहिले, त्यांना समोरून उठवून मागे धाडले, ते मागे जाऊन गात राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. या कथेचे ऐतिहासिक मोल ज्याचे त्याने ठरवावे. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी आहे. त्यांच्या वाणीचे पुढे काय झाले हा मात्र पक्का इतिहास आहे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, १८ रागांखाली लावलेली. पंजाबात साथीची वाद्ये बदलली, बोली बदलली, ऐकणारा समाज बदलला. नामदेव मात्र नामदेवच राहिले.

मराठी ख्रिस्ती संगीताकडे बघताना हा इतिहास हाताशी असलेला बरा, कारण या संगीतावर दोन्ही बाजूंनी एकच आक्षेप येतो: हे आपले नाही. गिटार-ड्रम लावले की बाहेरचे म्हणतात, हे विलायती. टाळ-मृदंग घेतला की मंडळीतलेच काही जुने सभासद कुरकुरतात, हे हिंदू वळण. रॉक वाजवणाऱ्या ख्रिस्ती बँडने नवी शैली धुंडाळायची म्हटली की तो या दोन तक्रारींच्या मधोमध सापडतो.

ख्रिस्ती रॉक हा प्रकार मुळात अमेरिकेतला. लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम १९६९चा. या प्रकारातला पहिला म्हणून बहुतेक त्याचेच नाव घेतले जाते. तिथेही चर्चने आधी नाकच मुरडले होते. सैतानाचे वाद्य देवळात कशाला, हा प्रश्न हिंगोलीत किंवा जालन्यात पहिल्यांदा विचारला गेलेला नाही. पुढे ऑस्ट्रेलियातल्या हिलसाँग चर्चने रॉकची धार घासून गुळगुळीत केली: संथ सुरुवात, कीबोर्डचा लांब पसरलेला पॅड, हळूहळू चढत जाणारे ड्रम आणि शेवटी एकच ओळ दहा वेळा. हा साचा जगभर गेला. मराठवाड्यातल्या एखाद्या लहान मंडळीतली ‘वर्शिप टीम’ आज ऐकली, तर पेटी-ढोलकीच्या जागी कीबोर्ड आणि ऑक्टापॅड आलेला असतो आणि गाण्याचा आराखडा बहुतेक सिडनीचा असतो. मला याचे दुःख नाही. दुःख आहे ते ओळींचे.

इंग्रजी गाण्याची चाल शब्दांच्या आघातावर उभी असते. मराठी शब्द आघातावर चालत नाही, ऱ्हस्व-दीर्घावर आणि जोडाक्षराच्या आधी पडणाऱ्या वजनावर चालतो. ‘पवित्र’मध्ये सगळा भार ‘वि’वर येतो. इंग्रजी चालीत तोच शब्द कोंबला की ‘प’ ताणला जातो किंवा शेवटचा ‘त्र’ चार मात्रा लोंबकळत राहतो. ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण ओठ हलत नाहीत. मंडळी गायची थांबते आणि व्यासपीठावरचे पाचजण तेवढे गात राहतात. ज्या प्रकाराचा जन्मच सामुदायिक गायनासाठी झाला, त्याची यापेक्षा मोठी हार कोणती?

उलट अभंगाचा बांधा बघा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरे, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. शेवटचा चरण आखूड, म्हणून तिथे श्वासाला आणि टाळकऱ्यांच्या झिलेला जागा. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत हा बांधा असा बसतो, की अक्षरओळख नसलेला माणूसही दुसऱ्या कडव्याला गाऊ लागतो. अक्षरे मोजलेली, पण मात्रा लवचिक, त्यामुळे गाणारा स्वर हवा तिथे ओढू शकतो. रॉकच्या चार ठोक्यांशी याचे भांडण नाही. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने वारकरी अभंग बास, ड्रम आणि गिटारवर गाऊन ते दाखवून दिले आहे. ते अभंगाकडून रॉककडे आले. ख्रिस्ती बँडना रॉककडून अभंगाकडे जायचे आहे. रस्ता तोच आहे, पण चढ त्यांच्या वाट्याला आला आहे.

चढ म्हणतो, पण वाट जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले ते ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांत, आणि गोव्यात राचोलला ते १६१६ साली छापले गेले. तुकोबा तेव्हा लहान होते. पुढे पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवरच हुकूम काढले आणि ती परंपरा दबली. दुसरी सुरुवात अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले: पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान, सगळे रीतसर, फक्त आख्यान बायबलातले. त्याच सुमारास, १८८०पासून, मुंबईतल्या बेने इस्रायली ज्यूंनीही जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. म्हणजे कीर्तन हे त्या काळच्या महाराष्ट्राचे सामाईक सभागृह होते. ज्याला काही सांगायचे होते तो तिथे उभा राही.

आणि मग टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तुकारामामुळे आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघड मानत, आणि हे त्यांच्या रचनेत दिसते. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांचे मराठी करून विलायती चालींवर बसवले होते. त्या पुस्तकी गीतांच्या शेजारी टिळकांची भजने ठेवली की फरक कानाला लगेच कळतो. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’मध्ये आजही टिळकांचा वाटा फार मोठा आहे. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. पंथांच्या भिंतींबाहेरची, भारतीय वळणाची उपासना हे त्याचे स्वप्न होते. दोन वर्षांत ते गेले. अर्धवट राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. गंमत अशी, की निकोल मॅकनिकल यांनी टिळकांच्या काही भजनांचे इंग्रजी केले आणि ती इंग्रजी स्तोत्रसंग्रहांत जाऊन बसली, तिथल्या चालींवर. शैलींची ये-जा कधीच एकेरी नव्हती.

कॅथलिक बाजूला हे परत यायला उशीर लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडले, वसईपासून सगळीकडे मराठी मिस्सा सुरू झाली. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्श यांनी भजन आणि नृत्यनाट्ये बसवली. त्यातले काही सुंदर, काही जरा जास्तच आश्रमी.

रॉक सोडून भजनाकडे वळलेल्या बँडचे भारतातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र हिंदीतले आहे. ख्रिस हेल नेपाळात वाढलेला, मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत शिकलेला. नव्वदीच्या दशकात तो ‘ऑलियो’ या ख्रिस्ती रॉक बँडमध्ये होता. पुढे पीट हिक्सबरोबर त्याने ‘आराधना’ काढले, हातात सतार घेतली आणि येशूभजने गाऊ लागला. ‘दीप जले’ हा त्यांचा अल्बम आजही ऐकण्यासारखा आहे. त्यांचे मर्म वाद्यांत नाही. त्यांनी कॉर्ड बदलण्याची घाई सोडली. षड्ज धरून ठेवला, गिटार तानपुऱ्याच्या कामाला लावली आणि चाल एका स्वरमेळात फिरू दिली. आपल्याकडच्या बहुतेक ‘फ्यूजन’ गाण्यांत याच्या नेमके उलट होते. चार कॉर्डची माळ तशीच ठेवून वरून बासरीचा एक तुकडा आणि तबल्याचा लूप चिकटवतात. पाश्चात्त्य भाकरीवर देशी कोथिंबीर भुरभुरली, एवढाच त्याचा अर्थ.

इथवर लिहून टाळ्या घ्यायला हरकत नव्हती: परत या, भजनाकडे या. पण मराठवाड्यात बसून हा सल्ला इतका सरळ देता येत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना, संभाजीनगर या पट्ट्यातला ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर महार आणि मांग समाजांतून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले ते याच लोकांसाठी. टिळक आणि शेषाद्री दोघेही जन्माने ब्राह्मण. ज्याला देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिले नाही, त्याच्या नातवाला ‘तुझे खरे संगीत भजनच’ असे सांगणे हा नवा आगाऊपणा होईल. त्या नातवाला गिटार आवडते यामागे फॅशन आहेच, पण आणखीही काही आहे: त्या वाद्याला जातीची आठवण नाही. नामदेवांना मागे धाडणाऱ्या कथेतली सल त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

शिवाय त्याच्या घरात संगीत नव्हते असे थोडेच आहे? मांगांची हलगी आणि सनई, आंबेडकरी जलशांची शाहिरी, जात्यावरच्या ओव्या, आणि वारकऱ्यांतलेच म्हणायचे तर चोखोबा. हलगीच्या ठेक्यात जी आग आहे, ती परवडणाऱ्या कोणत्याही ऑक्टापॅडमध्ये भरलेली नाही. रॉकला मुळात हवा असतो तो आवाज हाच: उघडा, चढा, थोडा उर्मट. ख्रिस्ती रॉक बँडने नवी शैली शोधायची तर तिने बासरीच्या गोडव्याकडे जाण्याआधी हलगीच्या कडकडाटाकडे जावे, असे माझे मत आहे. विलापाची स्तोत्रे, न्यायासाठी ओरडणारे संदेष्टे हे सगळे बायबलात आहे आणि मराठी ख्रिस्ती गाण्यात जवळजवळ नाही. ते हलगीवर उभे राहील, पॅडच्या धुक्यात नाही.

आजची स्थिती मोजक्या शब्दांत सांगायची तर ध्वनिमुद्रण चांगले, वादन बरे, कविता दुबळी. तीच चार विशेषणे, तेच पर्वत आणि तेच वादळ. वादळही समुद्रावरचे. कयाधूचा पूर, करपलेले सोयाबीन, ऊसतोडीला गेलेले घर यांतले काही त्या गाण्यांत येत नाही. नामदेवांपासून टिळकांपर्यंत सगळ्यांनी देवाशी बोलताना आपल्या अंगणातल्या वस्तू वापरल्या. चाल उसनी घेता येते. अंगण उसने आणले की गाणे कोणाचेच राहत नाही.

बँडमधल्या मुलामुलींना एकच सांगणे. पुढच्या रेकॉर्डिंगला भाषांतर बाजूला ठेवा. टिळकांचे एक भजन घ्या, हलगी किंवा पखवाज वाजवणारा गावातला माणूस बोलवा, त्याला रीतसर मानधन द्या आणि ड्रमरला त्याच्याकडून ठेका शिकू द्या. मग त्याच मापात स्वतःचे एक गाणे लिहा. परदेशी गाण्याचे मराठी करायला परवानगी लागते, ती न घेता बरेच काही चालते. टिळक १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई १९३६ साली. भारतीय कायद्यातली कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत दोघांच्याही बाबतीत केव्हाच संपली आहे. ‘ख्रिस्तायन’ आणि ती सगळी भजने कोणालाही चाल लावायला मोकळी आहेत.