रेणू निवडला, पिढी कोणाची वाढली?

हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड लिऊ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वर्गात अवश्य सांगावा. मात्र ‘रेणूंची उत्क्रांती’ म्हणून सांगू नये, असे आम्हांस वाटते.

युक्ती साधी आहे. डीएनएच्या एका धाग्याला एक अभिक्रियाकारक जोडायचा, पूरक धाग्याला दुसरा. धागे जुळले की अभिक्रियाकारक शेजारी येतात आणि अतिविरल द्रावणातही अभिक्रिया होते. अशा तीन पायऱ्या, शेवटी वलय. एकाच मिश्रणात ६५ वलयी रेणू तयार झाले. प्रत्येकाला त्याची घडण सांगणारा डीएनए जोडलेला. मग कार्बनिक अनहायड्रेज या विकराला चिकटणारे ठेवले, बाकीचे धुऊन टाकले. ठेवलेल्यांचा डीएनए पीसीआरने वाढवून विजेता ओळखला.

पण विजेत्यात सल्फोनामाइड गट होता आणि तो या विकराला चिकटतो हे आधीच ठाऊक होते. म्हणजे ही पद्धतीची परीक्षा होती. ती चोख उतरली. नवा शोध पुढे लागला: अशाच १३,८२४ रेणूंच्या संग्रहातून, इन्सुलिनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखणारा रेणू मिळाला. त्याचे उंदरांवरील निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि उत्क्रांती? २००४ च्या प्रयोगात विविधता होती, निवडही होती. पण बदल होऊन ते पुढच्या पिढीत उतरणे नव्हते. प्रती निघाल्या त्या डीएनएच्या, रेणूच्या नव्हेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: येथे पिढी कोणाची वाढली? उत्तर शोधताना हा प्रयोग समजेल आणि उत्क्रांतीही.