झाडांच्या काठावरून

सिडनीच्या ब्रिज रस्त्यावर, उंच कचेऱ्यांच्या सावलीत, एका संग्रहालयासमोर १९९५ पासून २९ खांब उभे आहेत. काही लाकडाचे, काही वालुकाश्माचे, काही गंज चढलेल्या पोलादाचे. सिडनी परिसरातील आदिवासींच्या २९ कुळांची ही खूण. कृतीचे नाव ‘एज ऑफ द ट्रीज’, म्हणजे झाडांची कड. कर्त्या जॅनेट लॉरेन्स आणि फिओना फोली. फोली या क्वीन्सलंडकडील बॅडजाला समाजाच्या. तेव्हा सिडनीच्या भूमीवर त्याही एका अर्थी पाहुण्याच.

गोऱ्या गलबतांचे आगमन झाडांच्या आडून न्याहाळणारे लोक, ही कल्पना पुरातत्त्वज्ञ ऱ्हिस जोन्स यांची. इतिहासाने फार काळ गलबतावरून किनारा पाहिला. हे शिल्प प्रेक्षकाला किनाऱ्यावर नेऊन उभे करते, आणि हेच त्याचे खरे बळ होय. खांबांवर १७८८ च्या पहिल्या ताफ्यातील माणसांची नावे आहेत, वनस्पतींची लॅटिन व देशी नावेही आहेत. मात्र काही खांबांच्या झरोक्यांत राख, हाडे, केस मांडले आहेत, ते मला रुचत नाही. जिवंत समाज तेथे उगीच नमुन्याच्या कपाटात जाऊन बसतो.

ही उणीव आवाज भरून काढतात. खांबांमधून वावरताना कूरी माणसे स्थळांची जुनी नावे उच्चारत असल्याचे ऐकू येते. येथील भाषेबद्दल आज जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग लेफ्टनंट विल्यम डॉझ याच्या वह्यांतून आला. त्याला ती शिकविणारी पाट्येगारांग नावाची तरुणी होती. (बदलीच्या गावाची भाषा अशी वहीत उतरवून घेणारे आपल्यात किती निघतील?)

पण या अंगणाची एक हकीकत ठाऊक असल्यावाचून शिल्प पुरते उमगणार नाही. येथेच गव्हर्नर फिलिपचे निवासस्थान होते. १९८३ साली त्याचा पाया उत्खननात सापडला. दुभाषी हवा म्हणून फिलिपच्या हुकमाने ३१ डिसेंबर १७८८ रोजी अराबानू नावाच्या माणसाला पकडून आणण्यात आले. पुढच्याच मे महिन्यात तो देवीच्या साथीत दगावला. त्याला पुरले ते गव्हर्नरच्या बागेत.