दिवे विझल्यानंतर : 'सिंहासन' आणि 'ओराप्रोनोबिस'

जुलमी राजवट कोसळली की जनता दिवे लावते, आणि ते योग्यच असते. परंतु दिवे विझल्यानंतर काय, हा प्रश्न विचारणारा मनुष्य त्या घटकेला कोणालाच नको असतो. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (1979) आणि फिलिपिन्सचे दिग्दर्शक लिनो ब्रोका यांचा 'ओराप्रोनोबिस' (1989) या दोन राजकीय थरारपटांनी तो प्रश्न विचारला. दोन्ही चित्रपट जोडीने पाहिले असता एकातील उणीव दुसऱ्यामुळे उमगते, म्हणून येथे त्यांचा एकत्र विचार करीत आहोत.

25 जून 1975 रोजी लादलेली आणीबाणी 21 मार्च 1977 रोजी उठली. अवघ्या दोन वर्षांत 'सिंहासन' पडद्यावर आला. अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. आणीबाणी हा काही त्याचा विषय नव्हे. पण लोकशाही परत आल्यावर तिचे काय केले जाते, हे तो दाखवितो. जुलै 1978 मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळताना महाराष्ट्राने नुकतेच पाहिले होते. त्यामुळे मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांची झुंज प्रेक्षकांना परकी वाटली नाही. येथे थरार बंदुकीचा नाही. दूरध्वनीची घंटा, बंद दारांआडची कुजबुज आणि आमदारांची मोजदाद एवढ्यावर तो उभा आहे, आणि तो कोठेही सैल पडत नाही.

आम्हा ख्रिस्ती वाचकांना यातील डिकास्टा विशेष जवळचा वाटावा. आपल्या चित्रपटांनी ख्रिस्ती माणूस बहुधा दारूच्या गुत्त्यात वा नाचगाण्यात दाखविला. 'सिंहासन'मध्ये तो कामगारांचा नेता आहे, आणि सतीश दुभाषी यांनी त्याला भारदस्तपणा दिला आहे. त्याला पाहून अनेकांना जॉर्ज फर्नांडिस आठवले. जॉर्ज तरुणपणी धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेमिनरीत दाखल झाले, ती सोडून मुंबईस आले, 1974 च्या रेल्वे संपाचे पुढारी झाले आणि 1977 ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून जिंकली. मात्र डिकास्टाच्या श्रद्धेला चित्रपटाच्या कथेत स्थान नाही. हा मनुष्य परक्यांसाठी का झिजतो? त्याचा संप कोणाच्या पारड्यात वजन टाकतो, हे मंत्र्यांना कळते. त्या संपामागचे त्याचे अंतःकरण आपणास कळत नाही.

ब्रोकांनी नेमका हाच धागा उचलला. त्यांचा नायक जिमी हा पूर्वाश्रमीचा धर्मगुरू आहे. फेब्रुवारी 1986 मध्ये कार्डिनल सिन यांच्या हाकेला ओ देऊन लाखो लोक मनिलाच्या रस्त्यावर आले, मार्कोस देश सोडून गेले, राजकीय कैदी सुटले. जिमीही सुटतो, संसार मांडतो, मानवी हक्कांचे काम करू लागतो. पण दोलोरेस गावी सशस्त्र टोळी पूर्वीसारखीच माणसे मारीत असते, आणि आता तिला नव्या राजवटीचे अभय आहे. या टोळीचे नावच 'ओराप्रोनोबिस'! 'आम्हांसाठी विनंती कर' हे आपल्या लितानीतील शब्द मारेकऱ्यांनी स्वतःला लावून घेतले आहेत. आरंभीच ही टोळी एका परदेशी धर्मगुरूचा खून करते. 1985 मध्ये मिंदानाओत झालेल्या फादर तुल्लिओ फावाली यांच्या हत्येचा आधार त्या प्रसंगाला आहे. पटकथाकार होसे लाकाबा स्वतः मार्कोसच्या तुरुंगात राहिलेले. ब्रोकांनाही 1985 मध्ये अटक झाली होती. पुढे आकिनोबाईंनी त्यांना घटना आयोगावर नेमले, तेव्हा ते पद सोडून ते बाहेर पडले. ज्या पक्षाचा जय झाला त्याच पक्षाला जाब विचारण्याचे हे धैर्य आम्हांस या चित्रपटाचा कणा वाटतो.

आता तुलना. 'सिंहासन' सत्तेकडे मंत्र्यांच्या दिवाणखान्यातून पाहतो, 'ओराप्रोनोबिस' जळालेल्या खोपटाच्या दारातून. पटेलांची जाण अधिक सूक्ष्म आहे. ब्रोकांचे काही प्रसंग भडक व घाईचे वाटतात. परंतु 'सिंहासन'मध्ये डावपेच कळूनही ज्यांचा बळी जातो त्यांचे चेहरे मनात ठसत नाहीत, आणि म्हणूनच त्याचा शेवट तसा होतो. सारे जाणणारा पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) वेड्यासारखा हसत सुटतो. ज्याच्यासाठी रडावे असा कोणी समोर नसेल, तर बुद्धिमान मनुष्याला हसण्यावाचून काय उरते? उलट जिमीच्या वाट्याला आप्तांची प्रेते येतात, आणि अखेरीस तो भूमिगत सहकाऱ्याला दूरध्वनी करतो. एकाने उपहास गाठला, दुसऱ्याने बंदुकीची वाट. दोन्ही शेवट कलेच्या दृष्टीने प्रामाणिक आहेत. तेवढ्यावर समाधान मानणे मात्र आम्हांस जमत नाही.

कारण आम्ही राहतो ते खारघर सिडकोने वसविलेल्या नव्या मुंबईचा भाग आहे, आणि या नगराखालची जमीन शेतकऱ्यांची होती. तिच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्यांवर 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण प्राणास मुकले. तेव्हा आणीबाणी नव्हती, निवडून आलेले सरकार होते. तीन वर्षांनी, 22 जानेवारी 1987 रोजी, मनिलातील मेंदिओला पुलाजवळ जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तेथेही लोकशाही परतली होती. मात्र येथील शेतकरी जासईनंतर हसत सुटले नाहीत आणि बंदूक घेऊन रानातही गेले नाहीत. ते मोर्चे, अर्ज, सभा यांना चिकटून राहिले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पाडून घेतली. तीही अपुरी होती, तिच्यासाठीही वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले.

अशा चिकाटीत थरार नसतो, म्हणून कदाचित तिच्यावर चित्रपट निघत नसावेत. तरी वाचकांनी हे दोन्ही चित्रपट अवश्य पाहावेत. 'सिंहासन' आपणास भाबडे राहू देत नाही. 'ओराप्रोनोबिस' ख्रिस्ती मनाला त्याहून अवघड जागी नेतो : ज्या प्रार्थनेचे शब्द आपण दर मे महिन्यात रोझरीनंतर म्हणतो, ते मारेकऱ्यांच्या तोंडी गेले तेव्हा आपण कोठे होतो, असे तो विचारतो.