चूल, पाणी आणि श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती आचरणाचा अन्वय

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रपर गद्यात इतका सार्वत्रिक लोभ फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आला आहे. मात्र या लोभाची काही किंमत पुस्तकाला मोजावी लागली. निर्मळ विनोद, अकृत्रिम निवेदन आणि एका मनस्वी कवीबरोबरचा संसार या तीन विशेषांभोवती त्याची चर्चा प्रामुख्याने फिरत राहिली. परिणामी धर्मांतर हे या संसारावर कोसळलेले एक संकट आणि ख्रिस्ती श्रद्धा ही त्यानंतरच्या आयुष्याची पार्श्वभूमी, अशी वाटणी गृहीत धरली गेली. श्रद्धा ही या संहितेच्या रचनेशी निगडित आहे काय, हा प्रश्न या वाटणीत मागे पडतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या प्रश्नाकडे आहे.

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनाचा एक प्रस्थापित नमुना ‘स्मृतिचित्रे’च्या आधी सिद्ध झालेला होता. बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ (१८८८) हे त्याचे ठळक उदाहरण होय. शीर्षकातच या नमुन्याचा आराखडा सामावलेला आहे : आधी रात्र, मग पहाट. पूर्वायुष्यातील वाचन, वाद, संशय आणि मित्रांशी झालेल्या चर्चा या साऱ्यांना १८५४ मधील बाप्तिस्म्याच्या दिशेने अर्थ प्राप्त होतो. अशा मतांतरकथनात निवेदक आपल्या भूतकाळाचा साक्षीदार असतो आणि न्यायाधीशही. श्रद्धेचे स्थान बुद्धीच्या निर्णयात असते आणि आचरण हे त्या निर्णयाचे फलित म्हणून नंतर येते.

‘स्मृतिचित्रे’त हा क्रम टिकत नाही. नारायण वामन टिळकांचा १० फेब्रुवारी १८९५ चा बाप्तिस्मा येथे पत्नीच्या बाजूने सांगितला जातो, आणि त्या बाजूने पाहता तो उदय नसून उत्पात आहे. पुढील काही वर्षांचा विरह, नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेले दिवस, लहान मुलाची काळजी आणि परतण्याविषयीची द्विधा मनःस्थिती यांना निवेदनात जेवढी जागा मिळते, तेवढी लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या १९०० मधील बाप्तिस्म्याला मिळत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वीच्या आयुष्याला अंधाराचा रंग दिलेला नाही. माहेरची माणसे, सणवार, व्रते, भांडणे यांचे वर्णन ज्या ममतेने आणि मिस्किलपणाने येते, त्याच वृत्तीने पुढे मिशनच्या वसाहतीतील माणसेही रेखाटली जातात. निवेदिका पूर्वायुष्याची न्यायाधीश होण्याचे नाकारते. आत्मकथनाचा केंद्रबिंदू म्हणून जी घटना अपेक्षित असते, ती येथे इतर प्रसंगांच्या रांगेत एक होऊन बसते.

मग श्रद्धेचा निर्णय या पुस्तकात नेमका कोठे होतो? याचे उत्तर शोधण्यासाठी आरंभाकडे वळावे लागते. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे चित्र पुस्तकाच्या प्रारंभीच येते. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेण्याच्या त्यांच्या हट्टाने सारे घर वेठीस धरलेले असते. वाचक हसतो, पण या हास्याच्या आड एका सूत्राची मांडणी होऊन गेलेली असते. कोणाच्या हातचे खावे, कोणत्या विहिरीचे पाणी प्यावे, कोणाची सावली कोठवर चालावी, हे या जगातील धर्माचे मूलभूत प्रश्न आहेत. पतीजवळ परतल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटत नाही. टिळक नव्या धर्मात, तर त्या जुन्या आचारात, अशी एक विलक्षण अवस्था काही काळ राहते. ‘वेगळी चूल’ या वाक्प्रचाराला येथे शब्दशः अर्थ मिळतो.

ही कोंडी धर्मशास्त्राच्या चर्चेने फुटत नाही. जातिभेद माणसाने केलेला, ईश्वराने नव्हे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात रुजतो आणि त्याचा पहिला परिणाम अन्नपाण्याच्या व्यवहारावर होतो. बाप्तिस्मा त्यानंतर येतो. ‘अरुणोदया’च्या नमुन्यात मत आधी आणि आचरण नंतर, तर येथे आचरणातील बदल मताच्या स्वीकाराला वाट करून देतो. ज्या चुलीपाशी जुना धर्म जिवंत होता, त्याच चुलीपाशी नवा धर्म स्वीकारला जातो. ‘स्मृतिचित्रे’ची प्रसंगमालिकेसारखी, सैल वाटणारी रचना या जाणिवेशी सुसंगत आहे. श्रद्धा जर एका क्षणाची प्राप्ती नसून रोजच्या वागण्याची सवय असेल, तर तिचे कथन एका उत्कर्षबिंदूकडे चढत जाणारे असू शकत नाही. ते एकामागून एक चित्रांचेच असावे लागते.

बाप्तिस्म्यानंतरच्या भागात या सवयीची कसोटी दुष्काळ आणि प्लेग या दोन आपत्तींत लागते. १८९९-१९०० च्या दुष्काळातील अनाथ मुले टिळकांच्या घरात येतात. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येते. येथे निवेदनाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. टिळकांचे औदार्य आणि लक्ष्मीबाईंचे श्रम यांचा हिशेब हे निवेदन कधीही एकाच खात्यावर मांडत नाही. कवी हातातले देऊन मोकळा होतो; घरात शिधा किती उरला याचा विचार गृहिणीला करावा लागतो. परोपकाराची प्रेरणा एकाची आणि त्याचा भार दुसऱ्यावर, ही विषमता पुस्तकात पुनःपुन्हा उघड होते. ती उघड करण्याचे साधन म्हणजे विनोद. पतीची थट्टा करणारी लक्ष्मीबाईंची वाक्ये निर्मळ आहेत यात शंका नाही. पण ती निर्हेतुक नाहीत. साक्षीच्या गंभीर सुरात हाच मजकूर आला असता, तर निवेदिकेला हुतात्म्याची भूमिका घ्यावी लागली असती. विनोदामुळे त्यागाची किंमत नोंदवता येते आणि त्यागाचा डौल टाळता येतो. म्हणून या पुस्तकातील विनोदाला स्वभावविशेष म्हणून सोडून देणे अपुरे आहे; तो श्रद्धेच्या कथनाचाच एक प्रकार आहे.

नित्यकर्मात ईश्वर पाहण्याची परंपरा मराठीला नवी नाही. सावता माळ्याचा मळा आणि जनाबाईचे जाते ही तिची सर्वपरिचित प्रतीके आहेत. टिळकांनी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आल्याचे म्हटले होते आणि अभंगाच्या रूपात ख्रिस्तभक्ती बांधली होती. तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ हा याच परंपरेचा गद्य विस्तार होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि एक भेद दुर्लक्षिता येत नाही. जनाबाईच्या जात्यापाशी देव स्वतः येतो आणि श्रम सख्यात विरून जातात. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात देव दळायला बसत नाही. तेथे येतो तो भुकेला पोर, आजारी शेजारी, आगंतुक पाहुणा. आणि तो आल्याने श्रम वाढतात. भक्तिपरंपरेत काम हे ईश्वराच्या सहवासाचे ठिकाण आहे, तर येथे ते परक्या माणसाच्या आगमनाचे ठिकाण आहे. शेजाऱ्यावरील प्रीतीची ख्रिस्ती आज्ञा या गद्यात वचन म्हणून क्वचितच उच्चारली जाते. पण प्रसंगांची निवड ती करत असते.

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, श्रद्धेचे असे आचरणात रूपांतर केल्यास उरते ती केवळ माणुसकी; तिला ख्रिस्ती म्हणण्याचे कारण काय? याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्याच दुसऱ्या कार्यात आहे. टिळकांनी आरंभलेले आणि त्यांच्या १९१९ मधील निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले. ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध कथन करणाऱ्या लेखिकेला धर्मविचाराची भाषा अवगत नव्हती, असे म्हणता येणार नाही. स्तवन आणि निरूपण त्यांनी ओवीकडे सोपवले. गद्याकडे नांदण्याची कथा आली. मिशनरी भाषांतरांतून घडलेली तारण-पश्चात्तापाची परिभाषा ‘स्मृतिचित्रे’त विरळ आहे, ती अज्ञानामुळे नव्हे. नव्या श्रद्धेला घरातल्या मराठीत राहता येते की नाही, याची ती परीक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या ख्रिस्ती समाजात महार आणि मांग जातींतून आलेली माणसे बहुसंख्य होती. सोवळे सोडणे ही लक्ष्मीबाईंसाठी मोठी उलथापालथ होती. ज्याच्या हातचे पाणी त्यांनी घेतले, त्याच्यासाठी ती केवळ दीर्घकाळ नाकारल्या गेलेल्या गोष्टीची परतफेड होती. पाणी टाळणाऱ्याचा अनुभव आणि पाण्यापासून दूर ठेवलेल्याचा अनुभव हे एकाच घटनेचे दोन अर्थ आहेत, आणि ‘स्मृतिचित्रे’ त्यांपैकी एकच सांगू शकते. दाराच्या आतून दार उघडण्याची ही कथा आहे. बाहेर किती काळ उभे राहावे लागले, याचा हिशेब तिच्यात नाही. ही मर्यादा लेखिकेच्या प्रामाणिकपणाची नसून तिच्या जागेची आहे. मात्र समीक्षेने ‘उदारता’, ‘मनाचा मोठेपणा’ असे शब्द वापरून ती झाकू नये. लक्ष्मीबाईंनी स्वतः ते शब्द ओढवून घेतलेले नाहीत. सोवळ्याविषयी लिहिताना त्यांच्या थट्टेचा विषय त्या स्वतः असतात; ज्याच्या हातचे खाल्ले, त्याच्यावर उपकार केल्याचा सूर तेथे नसतो. हा संयम लक्षात घेऊनच त्या मर्यादेची चर्चा न्याय्य ठरेल.

‘स्मृतिचित्रे’च्या या वाचनातून धार्मिक आत्मकथनाच्या समीक्षेसाठी एक सूचना मिळते. अशा लेखनाचा विचार करताना निर्णायक घटनेचा शोध घेण्याची सवय आहे : दृष्टांत कधी झाला, दीक्षा कधी घेतली, संशय कधी मिटला. स्त्रियांच्या आत्मकथनांत या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा अंधूक मिळतात आणि मग ती ‘भाबडी’ ठरवली जातात. त्याऐवजी घरात काय शिजले, कोणासाठी शिजले, कोणी वाढले आणि कोण शेवटी जेवले, हे प्रश्न विचारले, तर त्याच पानांत एक सुसंगत धर्मविचार दिसू लागतो. त्या विचाराला सिद्धान्ताचे रूप नाही, आणि त्याचे मोल वाढवण्यासाठी ते देण्याची गरजही नाही. लक्ष्मीबाईंनी तो ज्या क्रमाने जगला त्याच क्रमाने लिहिला आहे, आणि त्या क्रमात बाप्तिस्म्याआधी पाणी येते.