आस्गर यॉर्न : चित्रांतील क्षेपक

पोथींत क्षेपक घालणाऱ्यास आम्ही दोष देतों. मग डेन्मार्कचा चित्रकार आस्गर यॉर्न (१९१४–१९७३) यास काय म्हणावें? त्यानें जुन्या बाजारांतून अप्रसिद्ध चित्रकारांचीं चित्रें घेऊन त्यांवर स्वतःचे रंग चढविले व १९५९ सालीं तीं पॅरिसांत प्रदर्शित केलीं. त्यांपैकीं 'अस्वस्थ करणारें बदक' यांत शांत झोपडीच्या देखाव्यावर प्रचंड, भडक बदक अवतरलें आहे. तें विलक्षण सजीव आहे, हें निर्विवाद. परंतु तें भय उत्पन्न करितें, तें खालचा देखावा शाबूत राहिल्यामुळेंच. यॉर्न जुन्याची किंमत जाणत नव्हता असें नाहीं. उत्तर युरोपांतील प्राचीन शिल्पांचीं छायाचित्रें जमविण्यासाठीं त्यानेंच १९६१ सालीं संस्था काढिली. सबब आमचें म्हणणें इतकेंच कीं, श्रेयांत मूळ चित्रकाराचाही वाटा मानावा. क्षेपककारानें ग्रंथकर्त्याचें नांव गिळूं नये.